स्वेटर माळ्यावर, रोपं गारठ्यात!

संक्रांत झाली, तिळगूळ संपला, तुटलेले पतंग तारांवर लटकले, की आपल्या शहरात एक ठरलेला सीन असतो. दुपारी जालना रोडच्या सिग्नलला चक्क घाम येतो. ऑफिसात कुणीतरी हळूच एसी सुरू करतं. रविवारी स्वेटर, मफलर, कानटोप्या धुऊन, डांबराच्या गोळ्या टाकून माळ्यावर रवाना होतात. आणि त्याच रविवारी संध्याकाळी अर्धं शहर नर्सरीत! मिरची, वांगी, टोमॅटोची रोपं, मोगऱ्याचं कलम, एखादं अॅडेनियम, हॉलच्या कोपऱ्यासाठी क्रोटन... डिकी फुल्ल.

आणि मग येतो फेब्रुवारीचा दुसरा आठवडा.

रात्री पंखा बंद करावा लागतो. पहाटे पांघरूण नाकापर्यंत येतं. आपलं ठीक आहे हो, आपण उठून माळ्यावरून स्वेटर काढतो. पण गॅलरीतली ती वीतभर उंचीची मंडळी? दोन दिवसांनी बघावं तर मिरचीनं मान टाकलेली, तुळशीची पानं काळवंडलेली, टोमॅटोच्या शेंड्यांना जांभळट झाक. बरं, कुंडीतली माती तर ओली! मग आपण निदान करतो, 'कीड पडली.' नाहीतर 'नर्सरीवाल्यानं गंडवलं.' किंवा थेट स्वतःलाच सर्टिफिकेट, 'आपल्या हाताला झाडं लागतच नाहीत.'

मंडळी, बहुतेक वेळा तिन्ही निदानं चूक. रोपांना गारठा लागलेला असतो. सरत्या हिवाळ्याचा, बेसावध गाठणारा गारठा. आणि याच्यावर उपाय आहे, तोही जवळजवळ फुकट.

होळीपर्यंत थांबा ना!

जुन्या लोकांनी याचा हिशेब एका ओळीत बसवलाय. 'होळी जळाली, थंडी पळाली.' महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत निघते, असंही म्हणतात. नीट बघा, यात कुठेही 'संक्रांतीला थंडी गेली' असं म्हटलेलं नाही. होळी बहुतेक वर्षी मार्चमध्ये येते. म्हणजे संक्रांत ते होळी हा दीड-दोन महिन्यांचा काळ बेभरवशाचा.

गंमत म्हणजे युरोपातल्या माळ्यांचाही असाच फंडा आहे. जर्मनीत ११ ते १५ मे हे 'बर्फाळ संतां'चे दिवस मानतात. ते सरेपर्यंत टोमॅटोचं रोप अंगणात लावायचं नाही, हा तिथला घरोघरचा नियम. अमेरिकेतली आपली मराठी कुटुंबंही कढीपत्त्याची कुंडी हिवाळाभर घरात ठेवतात आणि मे महिन्यात बाहेर काढतात. आपल्याकडे त्यांच्यासारखं बर्फ पडत नाही, म्हणून आपण गाफील राहतो. इतकाच फरक.

मुळात ही थंडी परत का येते? हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून पश्चिमी विक्षोभ निघतात आणि हिमालयावर बर्फ टाकत पुढे सरकतात. ते सरकले की उत्तरेकडचं कोरडं, गार वारं खाली महाराष्ट्रापर्यंत उतरतं. फेब्रुवारीतही हे विक्षोभ येतच असतात. फेब्रुवारी २०१९ आठवतो? निम्मा हिवाळा संपला म्हणेपर्यंत अशी लाट आली, की महाबळेश्वरच्या वेण्णा लेकजवळ आणि निफाडच्या द्राक्षबागांत दवाचे थेंब गोठले होते.

त्यात आपलं शहर पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच. समुद्र दूर, हवा कोरडी, आकाश निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब सरळ आकाशात सोडून देते, अडवायला ना ढग ना बाष्प. म्हणून मुंबईकराला ठाऊक नसलेला खेळ आपण रोज बघतो. दुपारी तीस-बत्तीस अंश आणि पहाटे कधी कधी दहाच्या खाली! माणूस यात खोकतो. रोप बोलत नाही, एवढंच.

खोबरेल तेलाचं लॉजिक

'पण बर्फ तर पडलं नाही, मग रोप मेलं कसं?' हा हमखास येणारा प्रश्न. उत्तर तुमच्या बाथरूममधल्या निळ्या बाटलीत आहे. थंडीत खोबरेल तेल थिजतं की नाही? ते पातळ असताना बाटलीतून सहज येतं, थिजलं की बोट घालून खरवडावं लागतं. पेशींच्या भोवतीचं आवरणही स्निग्ध पदार्थांचंच असतं. उष्ण प्रदेशातल्या झाडांमध्ये दहा-बारा अंशांच्या खाली ते घट्ट होऊ लागतं. त्याचं काम बिघडतं, आतला द्रव बाहेर झिरपतो, पानावर ओलसर, काळपट डाग पडतात. शास्त्रज्ञ याला चिलिंग इंज्युरी म्हणतात. बर्फाची गरजच नाही. आणि लक्षणं लगेच दिसत नाहीत, दोन-तीन दिवसांनी दिसतात. तोवर ऊन पडलेलं असतं आणि आपण थंडी विसरलेले असतो. म्हणून खरा गुन्हेगार सापडत नाही!

दुसरी गडबड मुळांची. माती गार पडली की मुळं पाणी कमी ओढतात. इकडे नऊ वाजता ऊन चढतं, हवा कोरडी, पानं भराभर पाणी सोडतात. जमा कमी, खर्च जास्त. महिनाअखेरीचा आपलाच पगार म्हणा ना! रोप मान टाकतं, आपण 'तहान लागली' समजून अजून पाणी ओततो आणि मुळं कुजतात.

नाजूक कोण, दणकट कोण, हेही माहीत हवं. तुळस, मिरची, वांगी, टोमॅटो, काकडी-दोडक्यासारखे वेल, पपई, केळ, मनीप्लँट, क्रोटन, अॅडेनियम, कढीपत्त्याचं छोटं रोप... ही सगळी उबेची पोरं. उलट मेथी, कोथिंबीर, पालक, शेवंती, पिटुनिया यांना हीच थंडी मानवते. मोठा मोगरा, मोठी जास्वंद निभावून नेतात. लहान रोपाचं मात्र तसं नाही. त्याची मुळं वरच्या दोन इंचांतच असतात आणि कुंडीतली माती सर्वात आधी वरून आणि कडेनं गार होते.

आणि बी पेरायचं असेल तर त्याच निळ्या बाटलीला विचारा. खोबरेल तेल साधारण चोवीस अंशांच्या खाली थिजतं. मिरची, वांगी, टोमॅटोचं बी पंचवीसच्या आसपासच्या उबदार मातीत छान उगवतं. बाटलीतलं तेल दुपारीही थिजलेलंच असेल, तर बी अजून पुडीतच राहू द्या.

पेपरातला आकडा आणि तुमची गॅलरी

सकाळी पेपरात किमान तापमान वाचून निर्धास्त होऊ नका. वेधशाळेचा थर्मामीटर जमिनीपासून वर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत असतो. तो हवेचं तापमान सांगतो. उघड्या गच्चीवरचं पान थेट आकाशाकडे बघत असतं. ते आपली ऊब सोडत सोडत आजूबाजूच्या हवेपेक्षाही दोन-चार अंशांनी गार होऊ शकतं. म्हणजे पेपरात अकरा छापलं असेल, तर गच्चीतल्या मिरचीसाठी ती आठाची रात्र असू शकते.

उलटही खरं आहे. डोक्यावर स्लॅब असेल, मागे दिवसभर तापलेली भिंत असेल, तर तीच रात्र बरीच सुसह्य. एक साधा थर्मामीटर आणा. एक रात्र रेलिंगवर, दुसऱ्या रात्री आतल्या भिंतीशी ठेवा आणि पहाटे बघा. माझ्या गारखेड्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत चार फुटांत तीन अंशांचा फरक निघाला. चार फूट! म्हणजे कुंडी नुसती आत सरकवणं हेच अर्धं औषध.

सर्वात गार वेळ कोणती? मध्यरात्र नव्हे. सूर्योदयाच्या आसपासची. झोपायच्या आधी 'आज काही फार थंडी नाही' असं वाटलं, तरी खरी परीक्षा पहाटे असते.

धोक्याची रात्र ओळखायच्या तीन खुणा. आकाश स्वच्छ, वारा पडलेला, संध्याकाळी सातलाच गारवा जाणवतोय. तिन्ही जमल्या, की पांघरूण काढा.

वाडा नावाचा थर्मास

आता एक खरीखुरी केस. दोन वर्षांपूर्वीची.

आमच्या ऑफिसातला एक मुलगा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात माझ्या डेस्कशी आला. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मोगऱ्याच्या काड्या.

"मॅडम, आठच आहेत. परवा वाडा पाडायलेत. दुसरा चान्स नाही."

वाडा गुलमंडीच्या मागच्या गल्लीतला. भावकीचे वाद मिटले, बिल्डरशी करार झाला, सगळं रीतसर. चौकातला मोगरा त्याच्या आजीनं लग्न होऊन आल्यावर लावलेला. तो मुळासकट काढणं शक्य नव्हतं, बुंधा थेट फरशीखाली गेलेला. आजीही आता त्याच्याबरोबर बीड बायपासच्या फ्लॅटमध्ये, नवव्या मजल्यावर राहायला आल्या होत्या. गावातलं सगळं सोडून आलेल्या माणसानं फक्त एक विचारलं होतं, 'माझा मोगरा आणला का रे?'

आठ काड्या पिशव्यांत लावल्या आणि तिसऱ्याच दिवशी पारा घसरला. मी संध्याकाळी त्याच्या घरी गेले, तर पिशव्या रेलिंगवर ओळीनं उभ्या. सकाळचं ऊन मिळावं म्हणून! आजी गॅलरीच्या दारात खुर्ची टाकून बसलेल्या.

"अगं बाई, तूच सांग ह्याला," त्या म्हणाल्या. "लेकरू असं उघड्यावर झोपवतं का कुणी? मग ह्यांना कशाला ठेवायलाय?"

"आज्जी, वाड्यात पन्नास वर्षं उघड्यावरच होता ना मोगरा?" त्यानं विचारलं.

"उघड्यावर कुठं? चौकात होता की."

आजी बरोबर होत्या, अगदी शास्त्रानुसार! जुन्या वाड्याचा चौक म्हणजे थर्मास. चारी बाजूंना हातभर जाडीच्या दगड-मातीच्या भिंती. त्या दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर ऊब परत देतात. वारा आत शिरत नाही. वर आकाशाचा छोटासा तुकडा, त्यामुळे ऊब निसटायलाही जागा थोडी. कोपऱ्यात न्हाणीघर, त्याचा बंब पहाटे पेटणार. त्या मोगऱ्याला पांघरूण कधी लागलंच नाही, कारण अख्खा वाडाच त्याचं पांघरूण होता. नवव्या मजल्यावरच्या गॅलरीला एकच भिंत, तीन बाजूंनी वारं.

मग आम्ही चौक उभा केला. पिशव्या रेलिंगवरून काढून आतल्या भिंतीशी आणल्या. दोन्ही बाजूंना पाण्याचे ड्रम सरकवले. समोर जुना पुठ्ठा. वर भाजीची मोठी टोपली उपडी आणि तिच्यावर आजींची वाकळ. सकाळी आठला वाकळ काढायची ड्युटी आजींची, संध्याकाळी सहाला टाकायचीही त्यांचीच. तेरा रात्री त्यांनी ती चुकवली नाही.

आठांतल्या सहा काड्या फुटल्या. पुढच्या उन्हाळ्यात तीन कुंड्यांना कळ्या आल्या. त्यातली एक कुंडी आज माझ्याकडे आहे. वाडा होता तिथे आता पार्किंग आहे.

पांघरायचं कसं?

आता तंत्र. पांघरूण रोपाला ऊब देत नाही, जमिनीतून निघणारी ऊब अडवतं. म्हणून ते थेट जमिनीपर्यंत किंवा कुंडीच्या खालपर्यंत टेकलं पाहिजे. रोपाच्या शेंड्याला फडकं गुंडाळून खाली दोरी बांधली, तर ऊब खालच्या खाली पळून जाते. लॉलीपॉप नको, तंबू हवा.

जुनी चादर, गोणपाट, साडी, काहीही चालतं. शेतीच्या दुकानात पांढरं, हलकं क्रॉप कव्हर मिळतं, टरबुजाच्या शेतावर असतं ना तेच. तेही मस्त. तीन-चार काड्या खोचून कापड पानांपासून दूर ठेवा. प्लॅस्टिक वापरणार असाल तर ते पानाला अजिबात चिकटू देऊ नका. जिथे चिकटेल तिथे गार लागेल.

एकेकट्या रोपासाठी वीस लिटरचा फुटका जार किंवा दोन लिटरची बाटली बुडाकडून कापून उपडी ठेवा. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या आसपासचे भाजीवाले अशाच काचेच्या हंड्या शेतभर मांडत. त्यांना ते 'क्लॉश' म्हणजे घंटा म्हणत. आपल्या खेड्यात तेच काम कोंबड्यांचं डालं करतं, किंवा तुराट्या-पऱ्हाट्यांचा छोटा मांडव. फॅशन पॅरिसची, आयडिया सगळीकडे तीच!

सर्वात महत्त्वाचं म्हणजे सकाळी पांघरूण काढा. आपल्याकडे दुपारी तीस अंश होतात. बंद बाटलीत रोपाची उकड व्हायला तासभर पुरतो. ऑफिसला निघायची घाई असेल तर मोबाइलला अलार्म लावा. थंडीनं वाचलेलं रोप उन्हानं गेलं, तर कुणाला सांगणार?

ड्रम नावाचा हीटर

पाण्याचं बोलू. आपल्या शहरानं नळाची वाट आठवडा आठवडा पाहिलेली आहे. जायकवाडी भरलं तरी आपला ड्रम काही सुटला नाही. पण बागेच्या दृष्टीनं हा ड्रम म्हणजे लॉटरी. दोनशे लिटर पाणी रात्रीत पाच अंशांनी गार झालं, तर त्यातून एक युनिटहून थोड्या जास्त विजेइतकी ऊब बाहेर पडते. फुकट! दिवसा ड्रमवर ऊन पडू द्या, रात्री रोपं त्याला खेटून ठेवा. ड्रम नसेल तर पाण्यानं भरलेल्या, काळ्या रंगवलेल्या बाटल्या रोपांभोवती उभ्या करा. आणि यात एक थेंबही वाया जात नाही. तेच पाणी सकाळी वापरा.

कोरड्या मातीपेक्षा ओलसर माती ऊब जास्त धरते. म्हणून शेतकरी थंडीच्या रात्रीआधी संध्याकाळी हलकं पाणी देतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या हवामान सल्ल्यातही थंडीत हेच सांगितलेलं असतं. पण शेतात विहिरीचं पाणी असतं, ते हिवाळ्यात कोमट. आपल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी पहाटे बर्फासारखं. म्हणून कुंडीला पाणी दुपारी बाराच्या आसपास द्या, बेतानं द्या आणि पानांवर मारू नका. मातीवर पालापाचोळा, नारळाच्या शेंड्या, उसाचं पाचट पसरा. पाणीही कमी लागेल, ऊबही टिकेल.

हे मात्र नको!

फेब्रुवारीत उत्साहानं युरिया टाकू नका. खतानं कोवळा शेंडा येतो आणि थंडी आधी त्यालाच गाठते. जास्वंदीची छाटणीही गारठा सरेपर्यंत थांबवा, त्याच कारणासाठी.

नर्सरीतून आणलेलं रोप लगेच उघड्यावर ठेवू नका. ते शेडनेटखाली लाडात वाढलेलं असतं. पहिले दोन दिवस आडोशाला, मग रोज थोडा थोडा वेळ बाहेर. आठ-दहा दिवसांत ते कणखर होतं. नवीन जॉइन झालेल्याला पहिल्याच दिवशी टार्गेट देतात का? (देतात म्हणा. पण तुम्ही तसं करू नका.)

गच्चीवर शेकोटी तर नकोच नको. सोसायटीचा सेक्रेटरी येईल ते सोडा, वाळका पालापाचोळा, प्लॅस्टिकच्या टाक्या, वायरी... जीवाशी खेळ आहे.

आणि फटका बसलाच तर? लगेच कात्री घेऊन बसू नका. काळी पडलेली पानं कुरूप दिसतात, पण पुढच्या थंड रात्री तीच खालच्या डोळ्यांवर छत्री धरतात. फांदीची साल नखानं हलकेच खरवडा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. कुंडी दोन-तीन दिवस सावलीत ठेवा, पाणी कमी द्या, खत बंद. होळी झाली की मेलेला भाग छाटा. कित्येक कढीपत्ते आणि जास्वंदी चैत्रात खालून फुटून उभ्या राहतात. कुंडी रिकामी करायची घाई नको.

त्याच रात्री, शहराबाहेर

आपण वाकळ टाकून झोपतो, तेव्हा पन्नास किलोमीटरवर कुणीतरी जागं असतं. आपल्यातल्या कित्येकांच्या घरी गावाकडे मोसंबी आहे, केसरचा मोहोर आहे, जालन्याच्या कडवंचीसारख्या गावात द्राक्षं आहेत. दिवसाचं ऊन आणि रात्रीची थंडी यांच्यातली दरी वाढली, की द्राक्षाचे हिरवे मणी गुलाबी पडतात. 'पिंक बेरी' म्हणतात त्याला. निर्यातीसाठी तो माल बाद होतो. म्हणून बागायतदार एकेका घडाला जुना पेपर गुंडाळतात. एकेका घडाला! आपला हा गुळगुळीत कागद नाही, साधा पेपरच बरा पडतो.

आणि गारठ्याच्या मागोमाग कधी गारा येतात. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत गारपिटीनं मराठवाड्यासकट राज्यभर गहू, हरभरा, द्राक्ष, मोसंबी झोडपून काढली. ११ फेब्रुवारी २०१८ ला जालना-बीडकडे पुन्हा तेच. आपल्यासाठी यातला धडा सोपा आहे. विजा चमकू लागल्या की कुंड्या स्लॅबखाली घ्या, हलवता येत नसतील तर त्यांच्यावर शेडनेट उतरतं ताणा. शेतकऱ्याला बाग उचलून आत ठेवता येत नाही.

चार कुंड्या सांभाळून आपण काही शेतकरी होत नाही. पण फेब्रुवारीत एका रोपासाठी आठ दिवस आकाशाकडे बघितलं, की 'थंडीमुळे द्राक्ष महागली' ही बातमी आपण वेगळ्या डोळ्यांनी वाचतो. गावाकडे फोन केला तर 'तिकडे थंडी आहे का?' हा प्रश्न मग नुसता विचारायचा म्हणून विचारला जात नाही. आणि पलीकडून वडील जरा जास्त वेळ बोलतात, हा माझ्या मैत्रिणीचा अनुभव.

पटकन लक्षात ठेवा

* संक्रांत ते होळी... भरवसा नाही.
* स्वच्छ आकाश, पडलेला वारा, लवकर आलेला गारवा म्हणजे आज पांघरूण.
* कुंड्या रेलिंगवरून भिंतीशी, स्लॅबखाली, ड्रमला खेटून.
* संध्याकाळी सहाला झाका, सकाळी आठला उघडा.
* पाणी दुपारी, बेतानं. युरिया, छाटणी होळीनंतर.
* काळं पडलेलं रोप फेकण्याआधी नखानं खरवडून बघा.

तर मंडळी, स्वेटर माळ्यावर टाकलाच असेल तर टाका. पण एक जुनी चादर मात्र खालीच ठेवा. होळीची राख गार झाली की तिचीही सुट्टी. मग लगेच पुढचं संकट हजर असेल, चाळीस अंशांचं! कुंड्यांना सावली कशी करायची, ते पुढच्या आठवड्यात.